डोळा चोळू नकोस, बाळा



आज तुम्हांला माझ्या घरचीच एक गोष्ट सांगतो. तीत माझी एक चूक आहे. ती आधी सांगतो.

माझी लेक दौंड तालुक्यात दिली आहे. तिचा मुलगा पंधरा वर्षांचा. दौंड म्हणजे रेल्वेचे जंक्शन. पोराला लहानपणापासून आगगाडीचे वेड. मोठा होऊन इंजिन चालवायचे, हा एकच ध्यास. मागे सुट्टीत तो शिरूरला माझ्याकडे आला. वाचायला बसवले की पुस्तक नाकाशी धरी, डोळे बारीक करी आणि सारखे चोळी. मी रागावलो, "अभ्यास नको म्हणून ही सोंगं!" जन्मभर मुलांना शिकवले, पण नातवाचे दुखणे मला ओळखता आले नाही.

दीड वर्षात चष्म्याचा नंबर तीनदा बदलला होता. नवा चष्मा घातला तरी अक्षराला सावली दिसे. एका रात्री अंगणात तो म्हणाला, "आबा, मला एका चंद्राचे दोन दिसतात." मी हादरलो. त्याला पुण्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेले. त्यांनी यंत्राने बुबुळाचा नकाशा काढला. म्हणाले, "याला केराटोकोनस आहे."

हा काय आजार? घड्याळाच्या तबकडीवर काच असते ना? तसा आपल्या बुबुळावर एक पारदर्शक पडदा असतो. तो सारखा गोलसर हवा. या आजारात तो पातळ होतो आणि खळ्यावरच्या धान्याच्या राशीसारखा पुढे टोकदार येतो. काच वाकडी झाली, की दिसणेही वाकडे होते. बहुधा दोन्ही डोळ्यांना होतो, एकाला कमी, एकाला जास्त. पुष्कळदा वयात येताना सुरू होतो. हा लागट रोग नाही. ही करणी नाही, कुणाचे पापही नाही.

घरी लेक रडू लागली, "माझं पोर आंधळं होणार का हो?" मी सांगितले, "नाही, बाई. या आजाराने डोळ्यांपुढे पूर्ण अंधार होत नाही. पण हयगय केली तर नजर फार अधू होते." शेजारीण म्हणाली, डोळ्यात मध घाला. मी घालू दिला नाही. डोळा ही औषधे करून पाहायची जागा नव्हे.

यावर एक उपचार आहे. जर्मनीतल्या ड्रेस्डेन शहरातल्या डॉक्टरांनी तो शोधला आणि रोग्यांवरचा अनुभव २००३ साली जगापुढे मांडला. डोळा बधिर करतात. त्यात ब-२ जीवनसत्त्वाचे थेंब घालतात आणि वर ठरावीक अतिनील किरण सोडतात. बाजेची सैल दोरी आवळावी, तसे पडद्याचे धागे घट्ट होतात. पुढे काही दिवस डोळा दुखतो, पाणी येते. नीट ऐका, याने चष्मा जात नाही. आजार तिथेच थांबावा, आहे ती नजर राहावी, यासाठी हा उपचार आहे.

जावई म्हणाले, "ऊस जाऊ द्या, बिल हाती आलं की बघू." मी म्हणालो, "ऊस शेतात उभा राहील, जावईबापू, पण पोराचा डोळा थांबायचा नाही." कोवळ्या वयात हा आजार भरभर वाढतो. पैशाची अडचण खरीच होती. पण धर्मादाय रुग्णालयांत १० टक्के खाटा निर्धनांसाठी आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी राखीव असतात. रेशनकार्ड आणि तहसीलचा उत्पन्नाचा दाखला घेऊन तिथल्या समाजसेवकाला भेटावे. विचारायला लाजू नये. आम्ही विचारले, आणि महिन्याच्या आत उपचार झाला.

आता तो खास कडक लेन्स लावतो. हात धुऊन लावतो, तिच्या औषधातच धुतो. नळाचे किंवा विहिरीचे पाणी तिला लागू देत नाही. डोळा खाजला तर मिटलेल्या डोळ्यावर थंड पाण्याची घडी ठेवतो. दुकानातून आपल्या मनाने थेंब आणत नाही. ठरल्या तारखेला तपासणीला जातो. त्याच्या धाकट्या बहिणीचेही डोळे तपासून घेतले, कारण हा आजार कधीकधी घराण्यात चालतो. फारच बिघडले, तर मरणोत्तर दान केलेल्या डोळ्याचा पडदा बसवतात. म्हणून नेत्रदानही करावे. मृत्यूनंतर सहा तासांच्या आत डोळे काढून घ्यावे लागतात, म्हणून लगेच कळवावे लागते.

एके दिवशी त्याने विचारले, "आबा, मी इंजिन चालवीन ना?" खोटे सांगावे असे क्षणभर वाटले. पण सांगितले, "बाळा, त्या नोकरीला बिनचष्म्याची पक्की नजर लागते. ते जमायचं नाही." तो दोन दिवस बोलला नाही. मीही उपदेश केला नाही. नुसता जवळ बसलो. मग त्याला स्टीफन करीची गोष्ट सांगितली. हा अमेरिकेचा बास्केटबॉलचा नामांकित खेळाडू. त्यालाही हाच आजार. २०१९ साली त्याने तो जगाला सांगितला, आणि लेन्स लावून तो खेळत राहिला. पोरगा हसला नाही, पण त्या दिवशी जेवला. हल्ली आयटीआयला जाऊन मोटारी दुरुस्त करायला शिकीन म्हणतो.

मंडळी, मूल डोळे बारीक करीत असेल, सारखे चोळीत असेल, चष्मा वरचेवर बदलत असेल, तर त्याला रागावू नका. डोळ्यांच्या डॉक्टरांना दाखवा. शाळेत गुरुजींना सांगा, पुढच्या बाकावर बसवा. आणि मूल म्हणाले, "मला दोन चंद्र दिसतात," तर त्याच्यावर विश्वास ठेवा. मी तो उशिरा ठेवला. तुम्ही वेळेवर ठेवा.