मोलाची खेळाडू

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



बायकांच्या शिबिरात बास्केटबॉल कशाला, असा प्रश्न काहींच्या चेहऱ्यावर दिसतो आहे. सांगते. मी ज्या वस्तीत काम करते तिथल्या घरकामगार बायकांच्या मुली संध्याकाळी शाळेच्या मैदानावर बास्केटबॉल खेळतात. अमेरिकेतल्या खेळाडूंची नावे त्यांना तोंडपाठ. एकदा मी त्यांना 'मोस्ट व्हॅल्युएबल प्लेअर' या किताबाचा अर्थ सांगितला : सर्वांत मोलाची खेळाडू. त्यावर एकीने विचारले, "ताई, मोलाची म्हणजे मोलकरणीतलं मोल?" सगळ्या हसल्या. मी मात्र घरी जाऊन वाचायला बसले.

अमेरिकेतली डब्ल्यूएनबीए ही स्त्रियांची व्यावसायिक लीग १९९७ साली सुरू झाली. दर हंगामाला क्रीडापत्रकार आणि समालोचक मते देऊन हा किताब ठरवतात. पुरुषांच्या एनबीएमध्ये तो १९५६ पासून आहे, आणि तिथे १९८० पर्यंत खेळाडू स्वतःच मत देत असत. मला ती रीत अधिक पटते. बरोबर घाम गाळणारीला जे कळते ते वर बसून लिहिणाऱ्याला कळेलच असे नाही. असो.

स्त्रियांमधली पहिली मानकरी सिंथिया कूपर. त्या वेळी ती ३४ वर्षांची होती. लोक म्हणाले, एवढी वर्षे ही होती कुठे? ती स्पेनमध्ये आणि इटलीत खेळत होती, कारण तिच्या स्वतःच्या देशात बायकांसाठी टिकाऊ व्यावसायिक लीगच नव्हती. पोटासाठी परमुलखात जाणारी बाई आपल्याला नवी नाही.

पण मायदेशी लीग निघाली तरी ही वणवण संपली नाही. डायना टॉरासी २००९ ची मानकरी. ती हिवाळ्यात रशियातल्या एकातेरिनबुर्गच्या क्लबकडून खेळायची. तिथे तिला वर्षाला जवळपास १५ लाख डॉलर मिळत, असे तेव्हा छापून आले होते. अमेरिकेतला पगार १ लाख ७ हजारांच्या आत. २०१५ साली त्या क्लबने तिला सांगितले, उन्हाळ्यात खेळू नकोस, विश्रांती घे, तुझा तिकडचा पगार आम्ही भरून देतो. आणि ती खरेच तो हंगाम खेळली नाही! जिला लीगने सर्वांत मोलाची ठरवले, तिला घरी बसवणे एका परदेशी क्लबला सहज परवडले.

ब्रीआना स्टुअर्टचे तर याहून वाईट झाले. २०१८ चा किताब तिचा. एप्रिल २०१९ मध्ये ती हंगेरीत एका रशियन क्लबकडून युरोलीगचा अंतिम सामना खेळत होती, तेव्हा तिच्या टाचेवरची शीर तुटली. अमेरिकेतला अख्खा हंगाम गेला. बारा महिने दोन-दोन ठिकाणी राबणाऱ्या शरीराचे दुसरे काय होणार? चार घरची धुणीभांडी करून पाचवे घर धरणाऱ्या बायकांचे गुडघे तुम्ही पाहिले आहेत.

आता किताबाबरोबर हातात काय पडते ते पाहू. २०२० च्या करारानुसार बक्षीस होते १५,४५० डॉलर. त्याच कराराखाली २०२५ मध्ये सर्वांत जास्त पगार अडीच लाख डॉलरच्या किंचित आत होता. पुरुषांमधला २०२४ चा मानकरी निकोला योकिच याचा त्या हंगामाचा पगार पावणेपाच कोटी डॉलरच्या घरात. लगेच उत्तर येते, पुरुषांची लीग कमावतेच तेवढे. खरे आहे. पण या बायका योकिचएवढे मागतच नव्हत्या. पुरुष खेळाडूंना लीगच्या उत्पन्नातला साधारण निम्मा वाटा मिळतो. स्त्रियांचा वाटा त्या कराराखाली त्याहून कितीतरी कमी होता. भांडण या वाट्याचे होते.

मला सर्वांत जवळची वाटते ती २०१६ ची मानकरी, नेका ओग्वुमिके. त्याच वर्षी ती खेळाडूंच्या युनियनची अध्यक्ष झाली. २०२० चा करार तिच्याच नेतृत्वाखाली झाला आणि त्यात बाळंतपणाच्या रजेचा पूर्ण पगार मिळाला. पूर्वी निम्माच मिळायचा. शेरिल स्वूप्स आठवा. १९९७ च्या जूनमध्ये बाळंत झाली आणि सहा आठवड्यांनी मैदानात! पुढे तिने तीनदा किताब मिळवला, २०००, २००२ आणि २००५ साली. तिच्या त्या सहा आठवड्यांचे कौतुक फार झाले. मला ते ऐकून पोटात कालवते. ओली बाळंतीण पळत होती हो!

हे सगळे मी वस्तीतल्या बैठकीत सांगितले तेव्हा एक मावशी म्हणाल्या, "आम्हाला पण दिवाळीला साडी देतात, म्हणतात तुझ्यावाचून घर चालत नाही. पगार वाढवा म्हटलं की दुसरी बाई बघतात."

लीगला दुसऱ्या बाया बघणे सोपे नव्हते, आणि खेळाडूंना ते ठाऊक होते. ऑक्टोबर २०२४ मध्ये युनियनने तो करार मुदतीआधीच संपवायची नोटीस दिली. जुलै २०२५ मध्ये इंडियानापोलिसच्या ऑल-स्टार सामन्याआधी सरावाला सगळ्या एकसारखे काळे टी-शर्ट घालून उतरल्या. त्यांवर लिहिले होते, आमचे जे देणे लागता ते द्या. दोन्ही संघांतल्या, म्हणजे पुढच्या तासाभरात एकमेकींविरुद्ध खेळणाऱ्या! प्रेक्षकांनीही 'यांना पैसे द्या' म्हणून घोषणा दिल्या. त्या सप्टेंबरात एजा विल्सनला किताब मिळाला. तिचा हा चौथा. चार किताब त्याआधी कुणीच मिळवले नव्हते. तेव्हाही वाटाघाटी चालूच होत्या.