जाझ सेटचं वय
(सोसायटीच्या गणेशोत्सवात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरी मला म्हणाले, "सर, सोसायटीला पंचवीस वर्षं झाली, काहीतरी प्रेरणादायी बोला." प्रेरणादायी माझ्याकडं काही नाही. बी विंगच्या जिन्याखाली आठ महिने ताडपत्री टाकून जे सामान ठेवलंय आणि ज्याच्यापायी मी दोन मीटिंगमध्ये बोलणी खाल्ली, त्याचा हिशेब तेवढा देतो.

गंजगोलाईच्या मागच्या बोळात जुन्या सामानाचं एक दुकान आहे. तिथं मला हा ड्रमसेट दिसला. आमच्या लहानपणी याला सगळे 'जाझ' म्हणायचे. मोत्यासारखा पांढरा पत्रा, दोन टॉम, पायाने वाजवायचा मोठा ड्रम, चिरलेली एक झांज. दुकानदार म्हणाला, "सर, इंग्रजांच्या काळातला माल आहे. आणि किल्लारीकडून आलाय."

किल्लारी म्हटल्यावर मी भाव केलाच नाही. अकरा हजार मोजले.

आपल्यातल्या बऱ्याच जणांना माहीत आहे, मी मूळचा किल्लारीचा. माझे धाकटे चुलते जाझ वाजवायचे. लग्नं, मेळे, गणपती. १९९३ साली २९ सप्टेंबरला अनंत चतुर्दशी होती. विसर्जन आटोपून ते उशिरा आले, सामान ओसरीवर ठेवलं आणि आत झोपले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी काय झालं ते इथं कुणाला सांगायची गरज नाही. दगड-मातीच्या जाड भिंती, वर मातीचं माळवद. काकू बाळंत झालेल्या बहिणीकडं उदगीरला होत्या म्हणून राहिल्या. ढिगाऱ्यातून काही सामान निघालं, काही कुणी नेलं. ड्रम परत दिसले नाहीत.

आता तुम्हाला कळलं असेल, मला त्या सेटचं वय का काढायचं होतं.

मी आयटीआयमध्ये तीस वर्षं फिटर शिकवला. ऐकलेल्या गोष्टीपेक्षा मोजपट्टीवर विश्वास जास्त. पण ड्रमसेट ही मोठी फसवी वस्तू. तो एका दिवशी जन्मत नाही. पान बदलतं, कडं बदलतं, स्टँड दुसऱ्याचं येतं. पानं प्लॅस्टिकची आहेत म्हणून ड्रम नवा, असं म्हणता येत नाही. अमेरिकेत रेमोची प्लॅस्टिकची पानं १९५७ ला बाजारात आली. त्याआधी वासराचं कातडं. पण जुन्या ड्रमवर नवं पान कालसुद्धा चढवता येतं. वय बघायचं ते लाकडी खोडाचं.

बिल्ल्यावर नाव होतं 'प्रीमियर'. ही लंडनला १९२२ साली निघालेली कंपनी. दुसऱ्या महायुद्धात, १९४० ला, तिच्या कारखान्यावर बॉम्ब पडले, मग ती लेस्टरकडं गेली. पोरांनो, बीटल्सचा रिंगो स्टार १९६३ पर्यंत प्रीमियरच वाजवायचा, मग त्यानं लुडविग घेतला. पण बिल्ला दोन खिळ्यांनी निघतो आणि दोन खिळ्यांनी बसतो. साठीच्या दशकातल्या बऱ्याच लुडविगच्या आत तारखेचा लाल शिक्का तरी सापडतो. आमच्या खोडात टॉर्च मारून बघितलं तर कोळ्याची जाळी.

उत्तर मिळालं ते चुकून. पुण्याहून सोळा इंची नवं पान मागवलं, मोठ्या टॉमवर बसवायला गेलो, बसेना. मला वाटलं दुकानानं चुकीचं पाठवलं, फोनवर जरा आवाजही चढला माझा. मग व्हर्निअर लावला. खोडच सोळा इंचाला सूतभर जास्त! प्रीमियरवाले १९६८ च्या सुमारापर्यंत आपल्याच मापाची खोडं करायचे, नंतर त्यांनी जगात चालणारं माप घेतलं. म्हणून आजचं पान जुन्या खोडावर जात नाही. बिल्ल्यानं, रंगानं, दुकानदारानं जे सांगितलं नाही ते न बसणाऱ्या पानानं सांगितलं. खोड १९६८ च्या आधीचं. इंग्रजांच्या काळातलं वगैरे मला काही वाटत नाही. साठीच्या दशकातलं असावं. हा माझा अंदाज, पुरावा नव्हे.

असला माल इकडं येणं नवलाचं नाही. मुंबईत हॉटेलांचे बँड होते, सिनेमाचे स्टुडिओ होते. कावस लॉर्ड, त्यांची मुलं केरसी आणि बर्जोर, असे नामी वाजवणारे तिथं होऊन गेले. अशा ठिकाणचं जुनं सामान हातोहात कुठवर जाईल, सांगता येत नाही. चुलत्यांचा सेटही 'मुंबईचा विलायती' असं आम्ही घरात अभिमानानं सांगायचो.

मग वय जुळलं. पण ड्रम तोच कशावरून?

आत्याच्या लग्नाचा, १९८६ चा, एक फोटो निलंग्याला तिच्या सासरी राहिला होता. त्यात चुलते जाझवर बसलेत. पान ताणायचे बोल्ट ज्यात बसतात त्याला लग म्हणतात. भिंग लावून मोजलं. मोठ्या टॉमच्या दिसणाऱ्या अर्ध्या घेरात तीन लग, म्हणजे एकूण सहा. माझ्याकडच्या टॉमला आठ. कुणी मागाहून वाढवले असतील? फिटरला विचारा! सहा लग साठ-साठ अंशांवर, आठ पंचेचाळीसवर. सहाचे आठ केले तर जुनी दोनच भोकं कामाला येतात, चार बुजवावी लागतात. खोड आतून बोटानं चाचपलं. एकही बुजवलेलं भोक नाही. शिवाय सहा लग असायचे ते स्वस्तातल्या सेटना. म्हणजे सेट चुलत्यांचा नाही, आणि त्यांचा बहुधा विलायतीही नव्हता.

काकूला कसं सांगावं म्हणून मी आठवडाभर गप्प बसलो. शेवटी फोटो पुढं ठेवून सांगितलं. त्या म्हणाल्या, "मी कवा म्हणले हे त्यांचं हाय म्हणून? तुमीच म्हणायलाव की." मग चष्मा लावून फोटो बराच वेळ बघितला आणि मोठ्या टॉमवर बोट ठेवलं. "ह्ये डब्बं उमरग्याच्या पार्टीचं. मागून आणलं होतं. आपलं फुटलेलं व्हतं तवा."

घ्या! माझा सगळा हिशेब मागून आणलेल्या डब्यावर! आणि पायाचा ड्रम? त्याच्यावर वऱ्हाडाची शाल पांघरलेली. एक लग दिसत नाही.

म्हणून माझी विनंती आहे. आपल्यात औसा, उमरगा, निलंगा भागातली कुटुंबं पुष्कळ आहेत. १९९३ च्या आधीचा लग्नाचा, मेळ्याचा, गणपतीचा फोटो कुणाकडं असेल आणि त्यात किल्लारीचा जाझ दिसत असेल, तर मला दाखवा. नवरा-नवरी नको, मागचा बँड हवा. माझ्याकडच्या पायाच्या ड्रमला एका बाजूला दहा लग आहेत.

तोपर्यंत मोठ्या टॉमवर बकऱ्याचं कातडं मढवायला दिलंय, आपल्याकडं हलगी करणाऱ्या कारागिराकडं. पुढच्या शनिवारी मिळेल. जिन्याखालची जागा त्याच दिवशी रिकामी करतो, सेक्रेटरींनी लिहून घ्यावं.