नदीपलीकडचा आरोपी

जालना जिल्ह्यातल्या तीर्थपुरीकडून गोदावरी ओलांडली की बीड जिल्ह्यातलं गेवराई फार लांब नाही. जबिउद्दीन अन्सारी ऊर्फ अबू जुंदाल तिथलाच. मे 2006 मध्ये औरंगाबाद शस्त्रसाठा प्रकरण उघडकीला आलं, आरडीएक्स आणि एके-47 रायफली सापडल्या. जुंदाल मात्र पोलिसांच्या हातावर तुरी देऊन पाकिस्तानात पोहोचला.

26 नोव्हेंबर 2008 ला मुंबईतल्या हल्लेखोरांना कराचीहून फोनवर सूचना मिळत होत्या. त्या ध्वनिमुद्रणात एकाच्या तोंडी ‘प्रशासन’ हा शब्द आला आणि तपास अधिकाऱ्यांचे कान टवकारले. पाकिस्तानी माणूस असं बोलत नाही! पोलीस दलातल्या तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलून जिवंत धरून दिलेल्या कसाब या हल्लेखोरानेही जुंदालचं नाव घेतलं.

पुढे जुंदालचा माग सौदी अरेबियात लागला. अशा माणसाला परदेशात गाठून परस्पर उडवावं का? चहाच्या टपरीवर याचं उत्तर तयार असतं. कायद्याचं उत्तर इतकं सोपं नाही. युद्धभूमीवर लढणाऱ्याला टिपता येतं. तिच्याबाहेर मात्र दुसऱ्याचा जीव वाचवायला अन्य मार्गच उरला नसेल, तरच गोळी क्षम्य ठरते; शिवाय दुसऱ्या देशाच्या सार्वभौमत्वाचा प्रश्न राहतोच.

इस्रायलच्या सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2006 मध्ये अशा हत्यांवर सरसकट बंदी घातली नाही. पण अटक शक्य असेल तर मारू नका, आणि मारल्यावर स्वतंत्र चौकशी करा, असं बजावलं. ब्रिटनला तर चटकाच बसला. 1988 मध्ये जिब्राल्टरला त्याच्या सैनिकांनी आयआरए या सशस्त्र आयरिश संघटनेच्या तिघांना गोळ्या घातल्या. तिघंही निःशस्त्र निघाले. त्यांना सीमेवरच का अडवलं नाही, असं युरोपीय मानवी हक्क न्यायालयाने 1995 मध्ये विचारलं आणि 10 विरुद्ध 9 मतांनी ब्रिटनला दोषी ठरवलं. दहशतवादी खरेच होते, तरीही.

आपल्याकडे मुंबईतल्या चकमकींच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2014 मध्ये प्रत्येक चकमकबळीनंतर गुन्हा नोंदवून स्वतंत्र तपास करणं बंधनकारक केलं.

जुंदालच्या बाबतीत गोळीची गरजच पडली नाही. सौदीने जून 2012 मध्ये त्याला भारताच्या हवाली केलं. 2016 मध्ये मुंबईच्या मोक्का न्यायालयाने शस्त्रसाठा प्रकरणात त्याला जन्मठेप सुनावली. 26/11 चा त्याच्यावरचा खटला मात्र त्याने मागितलेल्या कागदपत्रांच्या वादात वर्षानुवर्षं अडकून पडला.