शिकायला लागणारे दोन तास
(खातेदार मेळाव्यात केलेले भाषण)

 

अशा मेळाव्यात मला पहिला प्रश्न बहुतेक वेळा एकच असतो. "साहेब, पैसे कुठे ठेवले तर जास्त व्याज मिळेल?" प्रश्न योग्यच आहे. पण आधी एक हिशोब करू या. आपण महिन्याला 1,000 रुपये आवर्त ठेवीत, म्हणजे आरडीत भरता. समजा, दुसऱ्या ठिकाणी एक टक्का व्याज जास्त मिळाले. वर्षाच्या शेवटी फरक किती पडेल? साधारण 65 रुपये.

आता दुसरा हिशोब. त्याच माणसाने वर्षभरात एखादे काम नव्याने शिकून घेतले आणि त्याची कमाई महिन्याला फक्त 500 रुपयांनी वाढली. वर्षाचे झाले 6,000 रुपये, आणि पुढच्या वर्षी पुन्हा 6,000. छोट्या बचतदाराला सगळ्यात जास्त व्याज मिळते ते हातातल्या कसबावर. आज मला यावरच बोलायचे आहे.

आपण म्हणाल, शिकायला कोणाला नको असते? वेळ कुठे आहे? अगदी खरे आहे. म्हणूनच मी आपल्याला एका ताईंची गोष्ट सांगतो. त्यांचे नाव सांगत नाही.

खानदेशातून सुरतेला जाऊन राहिलेली बरीच मराठी कुटुंबे आहेत. या ताई त्यांतल्याच. घरी साड्यांना टिकल्या आणि लेस लावण्याचे काम करायच्या. जितक्या साड्या, तितके पैसे. त्यांना ब्लाउज शिवायला शिकायचे होते. वस्तीजवळ वर्ग होता, फीसुद्धा परवडण्यासारखी होती. मी विचारले, "मग अडले कुठे?" त्या म्हणाल्या, "भाऊ, दोन तास क्लासला गेले तर तेवढ्या साड्या कमी होतात. त्या दोन तासांचे पैसे मला कोण देणार?"

मंडळी, हा प्रश्न आळशी माणसाचा नाही. 'मेहनत करा, यश मिळेल' हे त्यांना सांगण्यात काही अर्थ नव्हता. मेहनत त्या करतच होत्या. त्यांच्याकडे नव्हती ती शिल्लक. शिल्लक नसली की माणसाला आजची कमाई सोडून उद्यासाठी काही करताच येत नाही.

मी त्यांना एक वही करायला सांगितली. महिनाभर रोज रात्री आलेले आणि गेलेले पैसे लिहायचे. कमी खर्च करा, असे सांगितले नाही. फक्त लिहा म्हटले. महिन्याने वही पाहिली, तेव्हा दोन गोष्टी समोर आल्या. पहिली, साखर आणि तेल रोज थोडे थोडे आणल्यामुळे महाग पडत होते. दुसरी गोष्ट मोठी होती. दर महिन्याला 750 रुपये एका सावकाराला जात होते.

दवाखान्यासाठी त्यांनी 15,000 रुपये घेतले होते, शेकडा पाचने. शेकडा पाच ऐकायला कमी वाटते. पण ते महिन्याचे असते. वर्षाचे झाले 60 टक्के. 14 महिन्यांत त्यांनी 10,500 रुपये भरले होते आणि मुद्दल होती तशीच, 15,000. ताई वहीकडे बघत राहिल्या. म्हणाल्या, "म्हणजे मी अजून काहीच फेडलं नाही?"

त्या वस्तीतल्या महिलांचा बचत गट होता. त्या गटात सामील झाल्या. काही महिन्यांनी गटाने त्यांना 15,000 रुपये दिले, महिना शेकडा एकने. सावकाराचा हिशोब मिटला. हप्ता त्यांनी पूर्वीइतकाच ठेवला, 750. पहिल्या महिन्यात व्याज 150 आणि मुद्दलात 600. पुढे व्याज घटत जाते. या हिशोबाने तेविसाव्या महिन्यात कर्ज पूर्ण फिटते. रक्कम तीच, हप्ता तोच. फरक फक्त दराचा.

कर्ज फिटल्यावर त्यांनी 750 रुपये खर्चात मिसळू दिले नाहीत. त्याच तारखेला बँकेत आरडीत भरायला लागल्या. वर्षाने 9,000 रुपये आणि वर व्याज हातात आले. त्यातली काही रक्कम त्यांनी वेगळी ठेवली आणि क्लासच्या महिन्यांत जितक्या साड्या कमी झाल्या, तितके पैसे त्यातून घरात घातले. त्यांच्या दोन तासांचे पैसे त्यांनी स्वतःच दिले. आज त्या साड्यांचे कामही करतात आणि ब्लाउजही शिवतात. बंगला बांधला नाही, पण ठेकेदाराने दर पाडला तर "नको" म्हणू शकतात. माझ्या मते यालाच यश म्हणतात.

आता आपण काय करायचे, ते सांगतो.

पहिले, वही. तीस दिवस रोज लिहा. मोबाइलवर लिहिले तरी चालेल. पगार असो, रोजंदारी असो की दुकान असो. दुकान असेल तर गल्ल्यातून घरासाठी काढलेले पैसेही लिहा. नाहीतर धंदा चालतो की नाही, हे कधीच कळणार नाही.

दुसरे, तारीख. पैसे आले की आधी हप्ता बाजूला, मग खर्च. महिन्याच्या शेवटी उरेल ते टाकू म्हटले तर सहसा काही उरत नाही. पोस्टाची आरडी महिना 100 रुपयांपासून सुरू होते, पण ती पाच वर्षांची असते. वर्षभरात शिकण्यासाठी पैसे लागणार असतील तर बँकेत 12 महिन्यांची आरडी घ्या. आधी एका महिन्याच्या घरखर्चाइतकी शिल्लक करा. तीन महिन्यांची नंतर करता येईल. बँकेतल्या ठेवीला प्रत्येक ठेवीदारामागे, प्रत्येक बँकेत, मुद्दल आणि व्याज मिळून 5 लाख रुपयांपर्यंत विमा असतो. आणि खात्याला वारसाचे नाव लावले आहे ना, ते आजच विचारून घ्या.

तिसरे, शिक्षण. काय शिकायचे ते आपल्या कामाला विचारा. गिऱ्हाईक कोणते काम घेऊन येते आणि आपण 'येत नाही' म्हणून परत पाठवतो, ते शिका. जन शिक्षण संस्थान नावाची केंद्रे कमी शिकलेल्यांसाठीच आहेत. याची सुरुवात 1967 मध्ये मुंबईत श्रमिक विद्यापीठ म्हणून झाली. गावाकडच्या तरुणांसाठी बँकांच्या ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्था आहेत. तिथे शिकणे, राहणे आणि जेवण मोफत असते. आणि आपण परराज्यात राहत असाल तर तिथली लिपी वाचायला शिका. गुजराती तर मराठी वाचणाऱ्याला फार अवघड नाही. करारावर, पावतीवर काय लिहिले आहे ते स्वतः वाचता येणे हेही मोठे कसब आहे.

चौथे, शब्द. हप्ता वेळेवर भरणे ही आपली पत. आपल्या कर्जाची नोंद ठेवणाऱ्या कंपन्या वर्षातून एकदा पूर्ण अहवाल मोफत देतात. तो मागवून बघा. धंद्यासाठी मुद्रा योजनेत 'शिशु' प्रकारात 50,000 रुपयांपर्यंत कर्ज तारण न देता मिळू शकते. पण ते कर्जच आहे, फेडायचे आहे. आधी काम शिका, गिऱ्हाईक बघा, मग मशीन घ्या.

पाचवे, राखण. एक अपघात सगळी शिल्लक खाऊन टाकतो. वर्षाला 20 रुपयांत सुरक्षा विमा आणि 436 रुपयांत जीवन ज्योती, दोन्हींत 2 लाखांचे संरक्षण आहे. पहिला 18 ते 70 वयासाठी आणि अपघातासाठी, दुसऱ्यात 18 ते 50 या वयात नाव घालता येते. आधीच नाव घातले असेल तर मे महिन्याच्या शेवटी खात्यात 456 रुपये शिल्लक असू द्या.

आणि एक सावधगिरी. 'यशाचा मंत्र', 'घरबसल्या लाखो' असे सांगून हॉलमध्ये टाळ्या वाजवायला लावणारे लोक असतात. आधी फी घेतात, मग म्हणतात आणखी चार माणसे आणा. तिथे तीनच प्रश्न विचारा. मला नेमके कोणते काम शिकवणार? पावती देणार का? आणि माझी कमाई माझ्या कामातून येणार की नव्या माणसांच्या फीमधून? तिसऱ्या प्रश्नाला सरळ उत्तर आले नाही तर चप्पल घालून घरी या. फसवणूक झालीच, आणि पैसे ऑनलाइन गेले असतील, तर लाजू नका. ताबडतोब 1930 या क्रमांकावर फोन करा.

मंडळी, मी आपल्याला श्रीमंत व्हायला सांगायला आलो नाही. घरी गेल्यावर एक कोरी वही घ्या. पहिल्या पानावर आजची तारीख टाका आणि आज गेलेले पैसे लिहा. इथे यायला रिक्षाला जे दिले, तेसुद्धा. पुढच्या मेळाव्याला ती वही घेऊन या. आपण सोबत बसून बघू, तुमचे दोन तास त्यात कुठे सापडतात ते.