नावात राहिलेली चूक

वैद्यकातील ग्रीक व लॅटिन शब्द ऐकले म्हणजे सामान्य मनुष्य दबून जातो. नाव एवढे भारदस्त, तेव्हा त्यामागील ज्ञानही तितकेच पक्के असणार, असे त्यास वाटते. परंतु नावाची फोड करून पाहावी, तो आत कित्येकदा एखादी जुनी चूक जपून ठेविलेली आढळते.

धमनीस इंग्रजीत 'आर्टरी' म्हणतात. हा शब्द ग्रीक 'आर्तेरिया' यावरून आला. श्वासनलिकेसही ग्रीक लोक हेच नाव देत. मात्र ती 'त्राखेइया आर्तेरिया', म्हणजे खडबडीत नळी. पुढे नाम गळाले व नुसते विशेषण उरले. डॉक्टर आज 'ट्रेकिया' म्हणतात तेव्हा, श्रोतेहो, ते वस्तुतः 'खडबडीत' एवढेच म्हणत असतात! आता वाऱ्याच्या नळीचे नाव रक्ताच्या नळीस कसे शोभले? मृत्यूनंतर रक्त बहुतांशी शिरांत साचते व धमन्या रित्या दिसतात. त्यांतून रक्त नव्हे, तर प्राणरूप वायू खेळतो, असे ख्रिस्तपूर्व तिसऱ्या शतकात एरासिस्ट्रॅटस याने मानले. इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात गॅलेनने जिवंत जनावराची धमनी दोन ठिकाणी बांधून मध्ये छेद घेतला. आत रक्तच निघाले. सिद्धान्त गेला, नाव राहिले. आपणही ग्रीकांस हसू नये. आपली 'धमनी' ही फुंकणे या अर्थाच्या 'धम्' धातूपासूनच झालेली आहे.

ही चूक निरुपद्रवी म्हणावयाची. धमनीस काहीही म्हटले तरी नाडी चालावयाची ती चालतेच. 'हिस्टेरिया'ची गोष्ट तशी नाही. ग्रीक 'हिस्तेरा' म्हणजे गर्भाशय. तो देहात भटकतो व स्त्रीचा श्वास कोंडतो, ही कल्पना प्लेटोच्या 'तिमायस' संवादातही आहे. 1886 साली फ्रॉइड पॅरिसला शार्कोपाशी शिकून व्हिएन्नास परतला व तेथील वैद्यमंडळापुढे पुरुषांतील हिस्टेरियाविषयी बोलला. तेव्हा एका वृद्ध शस्त्रवैद्याने शब्दाचा अर्थ पुढे करून, पुरुषास हा रोग होईलच कसा, असे त्यास विचारले. फ्रॉइडने आपल्या आत्मवृत्तात ही हकीकत दिली आहे. रोगी तपासण्याऐवजी वैद्याने कोश उघडला!

आणि आपण काय केले? आपल्याकडील आधुनिक आयुर्वेदीय ग्रंथांत या रोगास 'योषापस्मार' असे नाव मिळाले. योषा म्हणजे स्त्री. शब्द शुद्ध संस्कृत, आणि चूकही तशीच शुद्ध रूपात घरी आली. हा शिक्का एकदा बसला की त्या बाईचे दुखणे कोण मनावर घेणार? झटका खरा असो, वेदना खरी असो, 'तिचे ते नेहमीचेच' म्हणून घरातील मंडळी उठून जात.

1980 साली अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या संघटनेने आपल्या रोगवर्गीकरणात हिस्टेरियाचे प्रकरण मोडून त्याची लक्षणे निरनिराळ्या नावांखाली वाटून दिली. बोलण्यातून मात्र तो शब्द अद्याप गेलेला नाही. एखाद्या संतापलेल्या बाईस उद्देशून तो सहज उच्चारला जातो. संतापलेल्या पुरुषास उद्देशून मी तो क्वचितच ऐकला आहे.