कुंपणच शेत खाते तेव्हा
(आदिवासी सेवाकार्याच्या सहाय्यकांच्या सभेत दिलेले भाषण)



चोपडा, यावल, रावेर, शिरपूर, साक्री या तालुक्यांतल्या पाड्यांवर जाणाऱ्यांनी एक आजार ओळखायला शिकावा, म्हणून मी आज उभी आहे. चांगले खेळते मूल दोन-तीन आठवड्यांत वाळत जाते. सारखे पाणी मागते, रात्रीतून अनेकदा लघवीला उठते, पोटभर भाकर खाऊनही बरगड्या दिसू लागतात. मग उलट्या, पोटदुखी, जोरजोराचा श्वास. घरचे म्हणतात नजर लागली. भगताकडे नेतात. कधी पाड्यावरच्या एखाद्या एकट्या बाईकडे डाकीण म्हणून बोट दाखवले जाते. या आजाराचे नाव टाइप १ मधुमेह. तो कोणी केलेला नसतो. तो कसा होतो, ते सांगते.

देवाने आपल्या शरीराला राखणदार दिले आहेत. रक्तातल्या पांढऱ्या पेशी त्या याच. त्यांतल्या टी-पेशी हाडांच्या मगजात जन्मतात आणि छातीच्या हाडामागच्या थायमस नावाच्या ग्रंथीत त्यांची शाळा भरते. जी पेशी आपल्याच शरीराला शत्रू समजते, ती तिथेच बाद केली जाते. तरी काही सुटून बाहेर येतात. त्यांना आवरायला दुसऱ्या टी-पेशी असतात, त्यांना नियंत्रक टी-पेशी म्हणतात. या कामाच्या शोधासाठी २०२५ सालचे वैद्यकाचे नोबेल पारितोषिक मेरी ब्रंकॉ, फ्रेड रॅम्सडेल आणि शिमोन साकागुची यांना मिळाले.

हा आवर सुटला की कुंपणच शेत खाते. स्वादुपिंडात इन्सुलिन तयार करणाऱ्या बीटा पेशी असतात. टी-पेशी तिथे शिरून त्या एकेक करून मारतात. हे काम महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे गुपचूप चालते. मुलाला तहान लागू लागते तेव्हा बऱ्याचशा बीटा पेशी गेलेल्या असतात. इन्सुलिन नसले की रक्तात साखर साचते, पण शरीर उपाशी राहते. मग ते चरबी जाळू लागते, रक्तात आम्ल वाढते आणि मूल बेशुद्ध होते.

गळ्यातल्या थायरॉइड ग्रंथीवरही असाच हल्ला होतो, विशेषतः बायकांमध्ये. हाशिमोटो या जपानी डॉक्टरांनी १९१२ साली वर्णन केलेल्या आजारात ग्रंथी हळूहळू निकामी होते. थकवा येतो, अंग सुजते, थंडी सोसत नाही. ग्रेव्हज नावाच्या आजारात उलटे घडते. राखणदारांनी बनवलेली प्रतिपिंडे ग्रंथीला सतत टोचत राहतात आणि ती गरजेपेक्षा जास्त काम करते. म्हणून गळा सुजला की तो आयोडीनच्या कमतरतेचाच गलगंड, असे धरून बसू नये. आयोडीनयुक्त मीठ हवेच, पण रक्ताची तपासणीही हवी.

राखणदार का चुकतात? जन्मजात कल आणि विषाणूसारखे बाहेरचे काही निमित्त जुळून येते, असे शास्त्र सांगते. आईने गोड खाऊ घातले म्हणून टाइप १ होत नाही. तो एकमेकांपासून लागतही नाही. योहानाच्या नवव्या अध्यायात शिष्य जन्मांधाकडे पाहून पाप कोणाचे, असे विचारतात. प्रभू तो प्रश्नच बाजूला ठेवतो आणि त्या माणसाला दृष्टी देतो. आजारी मुलाच्या दारात आपणही दोष शोधत बसू नये.

आता मंडळीसाठी एक गोष्ट स्पष्ट बोलते. प्रार्थना झाली, मूल हसू-खेळू लागले, आता सुई बंद करा, असा सल्ला कोणीही देऊ नये. पाळकांनी नाही, नातेवाइकांनी नाही. इन्सुलिन बंद झाले तर थोड्याच दिवसांत मूल दगावू शकते. जानेवारी १९२२ मध्ये टोरांटोत लेनर्ड थॉम्पसन या १४ वर्षांच्या मुलाला पहिल्यांदा इन्सुलिन टोचले गेले. त्याआधी अशी मुले वाचत नसत. ते औषधही देवाची देणगी आहे. प्रार्थना करा आणि सुईही द्या.

पाड्यावर गेलात आणि तहान, लघवी, वाळणे ही तीन लक्षणे दिसली, तर त्याच दिवशी बोटातल्या एका थेंबावर साखर तपासून घ्या. वाढलेली निघाली तर मुलाला लगेच मोठ्या रुग्णालयात न्या. सकाळची वाट पाहू नका. आपल्या भिल्ल आणि पावरा बांधवांत सिकलसेल आढळतो. अशा मुलांत तीन महिन्यांची सरासरी साखर सांगणारी तपासणी फसवी कमी येऊ शकते, हे डॉक्टरांच्या कानावर घाला.

जळगावचा उन्हाळा ४५ अंशांवर जातो आणि पाड्यावर फ्रीज नसतो. उष्णतेने इन्सुलिन बिघडते. मोठ्या मडक्यात लहान मडके ठेवा, मधल्या जागेत ओली वाळू भरा, बाटली कोरड्या पिशवीत बांधून आतल्या मडक्यात ठेवा आणि सावलीत झाका. दिवाळीनंतर कुटुंब ऊसतोडीला निघाले तर मुलाची औषधे, सुया आणि डॉक्टरांची चिठ्ठी गाठोड्यात पहिल्यांदा बांधायला सांगा.

तुमच्या दानातून घ्यायच्या वस्तू फार मोठ्या नाहीत. साखर मोजायचे यंत्र, त्याच्या पट्ट्या, दोन मडकी, रुग्णालयापर्यंतचे गाडीभाडे. पण मदत एकदा देऊन थांबता येणार नाही. या मुलाला सुई जन्मभर लागणार आहे, तेव्हा आपली सोबतही तितकीच लांब असू द्या. प्रभू तुम्हांला आशीर्वाद देवो.