वेगवान डिस्क मध्येच का दमते?

गोष्ट लग्नसराईतली. बोरिवलीचा माझा शेजारी लग्नांचं चित्रीकरण करतो. एका रात्री तो ३०० जीबी चित्रीकरण नव्या एसएसडीवर उतरवत होता. सुरुवातीला सुसाट वेग, मग एकाएकी गोगलगाय! सकाळी मुलुंडला दुसरं लग्न, त्यासाठी कार्डं रिकामी हवीत. 'डिस्क बनावट निघाली की काय?' म्हणत तो घाबराघुबरा माझ्याकडे आला.

डिस्क ठणठणीत होती. एसएसडीत फिरती तबकडी नसते. सूक्ष्म पेशींत विद्युतभार साठवून माहिती लिहिली जाते. एका पेशीत एकच बिट ठेवायचा तर दोन पातळ्या पुरतात; काम झटपट होतं. पण स्वस्तात जास्त जागा हवी म्हणून एका पेशीत तीन किंवा चार बिट कोंबतात. मग ८ किंवा १६ पातळ्या नेमक्या साधाव्या लागतात आणि वेळ लागतो.

यावर तोड म्हणून काही पेशी तात्पुरत्या एकेका बिटाने भरतात. हीच 'कॅश'. घाटकोपरला मेट्रोतून उतरलेली गर्दी पुलावर भराभर शिरते. पूल भरला की मागच्यांना जिन्याच्या गतीनेच सरकावं लागतं. तसंच हे.

उदाहरण घ्या. सॅमसंगच्या ८७० क्यूव्हीओ या २०२० सालच्या १ टीबी डिस्कच्या माहितीपत्रकातच आकडे आहेत: कॅश जास्तीत जास्त ४२ जीबी, तोवर वेग सेकंदाला ५३० एमबी, नंतर ८० एमबी. म्हणजे ३०० जीबीला साडेनऊ मिनिटं नव्हे, जवळजवळ ५५ मिनिटं!

डिस्क भरत आली की कॅशही सहसा आक्रसते. शिवाय जुना मजकूर एकेक पान करून पुसता येत नाही, पानांचा अख्खा गठ्ठाच पुसावा लागतो. त्यात डिस्क तापली तर ती जिवाच्या भीतीने स्वतःच वेग कमी करते.

म्हणून थोडी जागा मोकळी ठेवा, डिस्कला हवा लागू द्या, मोठं काम टप्प्याटप्प्याने करा. मधल्या विश्रांतीत कॅश रिकामी होते. खरेदी करताना खोक्यावरचा आकडा नव्हे, कॅश संपल्यानंतरचा वेग विचारा.

आणि मुख्य म्हणजे घाईने कार्ड पुसू नका. आधी दोन प्रती करा, फाइल्स उघडून पाहा. आमच्या शेजाऱ्याने त्या रात्री तासभर जागरण केलं, पण कुणाची सप्तपदी हरवली नाही. लग्न पुन्हा लावता येत नाही, श्रोतेहो!

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)